पुन्हा मांडलेला डाव

मराठीत खेळ आणि डाव हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेमचा इतिहास समजून घेताना हा भेद फार उपयोगी पडतो. पत्त्यांचा, सोंगट्यांचा किंवा बुद्धिबळाचा खेळ कधी संपत नाही. संपतो तो डाव, आणि पट आवरून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी तोच खेळ नव्याने मांडता येतो. कोड्याचे तसे नसते. त्याचे उत्तर एकदा कळले की ते दुसऱ्याला घालण्यापलीकडे त्यात काही उरत नाही. १९७० च्या दशकात संगणकावर जे खेळ तयार होऊ लागले, त्यांतल्या एका मोठ्या शाखेने खेळाला कोड्याचा हा गुण चिकटवला, आणि नुसता डाव नव्हे तर खेळच संपू लागला. एकाच गेमकडे वर्षानुवर्षे परत जाण्याची जी रीत पुढे रुजली, ती या संपणाऱ्या खेळाला पुन्हा डावाच्या वळणावर आणण्याच्या खटपटीतून घडली. त्यातली काही खटपट जाणूनबुजून केलेली होती, काही यंत्राच्या अडचणीतून सुचलेली होती, आणि एक तर चक्क चुकून झालेली होती.

संपणाऱ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘ॲडव्हेंचर’. विल क्राउथर हा अमेरिकी प्रोग्रामर गुहा धुंडाळणाऱ्या मंडळींपैकी होता आणि केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेची त्याला चांगली ओळख होती. १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेच्या आधारे एक असा खेळ लिहिला, ज्यात पडद्यावर चित्र नव्हतेच, फक्त मजकूर होता. जागेचे वर्णन वाचायचे, ‘उत्तरेला जा’ किंवा ‘दिवा घे’ अशी एका-दोन शब्दांची आज्ञा टाइप करायची आणि पुढचे वर्णन येण्याची वाट पाहायची, अशी त्याची रीत होती. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात खजिने, कोडी आणि पात्रे वाढवून त्याला एकूण ३५० गुणांच्या खेळाचे रूप दिले, आणि विद्यापीठांच्या संगणकांवर लोक त्यात दिवसचे दिवस बुडून गेले. मात्र ३५० गुण एकदा पुरे झाले की त्या गुहेत परत उतरण्याचे कारण संपत असे, कारण प्रत्येक खजिना आणि प्रत्येक कोडे ठरल्या जागीच असे.

त्याच सुमारास नाणे टाकून खेळायच्या यंत्रांची, म्हणजे आर्केड गेमची, उलटी तऱ्हा होती. तिथे खेळ संपणे कोणालाच नको होते आणि डाव लवकर संपणे मालकाला हवे होते, कारण डाव आटोपल्याशिवाय यंत्रात दुसरे नाणे पडत नसे. १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी तयार केलेला ‘पॅक-मॅन’ हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. त्यातली चार भुते वरवर पाहता मन मानेल तशी धावतात, पण प्रत्यक्षात प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला आहे: लाल भूत थेट पाठलाग करते, तर गुलाबी भूत खेळणाऱ्याच्या तोंडासमोरच्या चौथ्या घराचा रोख धरते. खेळणाऱ्याने तीच वळणे त्याच क्षणी घेतली तर भुतेही तेच करतात, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आले, आणि मग संपूर्ण चक्रव्यूह न चुकता साफ करण्याचे मार्ग पाठ केले जाऊ लागले. त्यांना ‘पॅटर्न’ म्हणत. ही तशी घोकंपट्टीच होती, फक्त ती बोटांनी केलेली होती. तिचा शेवटही मोठा चमत्कारिक आहे. पातळीचा क्रमांक यंत्रात एका बाइटमध्ये, म्हणजे शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतील इतक्या जागेत ठेवलेला असल्यामुळे २५६ व्या पातळीवर हिशेब फसतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाणे अशक्य होते. आपला खेळ तिथवर कोणी खेळेल, हे त्याच्या कर्त्यांनी गृहीत धरलेले नव्हते.

कोड्यासारखा खेळ एकदाच खेळायचा आणि आर्केडचा खेळ पाठ होईपर्यंत खेळायचा, अशा या दोन टोकांच्या मधली वाट कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी काढली. सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकणारे मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांना ‘ॲडव्हेंचर’चे वेड होते आणि स्वतःचा असा खेळ लिहावा अशी हौसही होती, परंतु असा खेळ लिहिणाऱ्याला सगळी उत्तरे आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला स्वतःला तो खेळता येत नाही, ही अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. यावर त्यांनी काढलेला उपाय असा होता, की भुयार माणसाने रचायचेच नाही. रचनेचे नियम तेवढे लिहायचे आणि प्रत्येक डावाच्या आरंभी संगणकाने त्या नियमांनी नवे भुयार मांडायचे. १९८० च्या सुमारास तयार झालेल्या या खेळाचे नाव ‘रोग’. इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, भटक्या असा होतो. मराठीत लिहिल्यावर ते नाव व्याधीचे वाटते, आणि अनेक विद्यापीठांच्या संगणक केंद्रांत त्याने जो कहर केला तो पाहता हा योगायोग अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

त्या काळच्या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या सामायिक संगणकाला जोडलेल्या कळफलक-पडद्यावर, मजकूर ओळीमागून ओळ असा वर सरकत जाई. पडद्यावर हव्या त्या ठिकाणी हवे ते अक्षर ठेवता येईल अशी सोय बर्कली विद्यापीठातल्या केन अर्नोल्डने ‘कर्सेस’ नावाच्या प्रोग्रामसंचाने करून दिली, आणि तिच्यामुळे ‘रोग’ला नकाशा मिळाला. पुढे टॉय स्वतः बर्कलीला गेला, अर्नोल्ड त्याच्यासोबत खेळावर काम करू लागला, आणि बर्कलीहून निघणाऱ्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९८३ च्या आवृत्तीत ‘रोग’ समाविष्ट झाल्यामुळे तो जगभरच्या विद्यापीठांत आपोआप पोचला.

पडदा ८० अक्षरे रुंद आणि २४ ओळी उंच. त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ चौक कल्पायचे, बहुतेक चौकांत कमी-जास्त आकाराची खोली बसवायची आणि खोल्या वेड्यावाकड्या वाटांनी जोडायच्या, एवढ्या नियमावर सारे भुयार उभे आहे. भिंती आडव्या-उभ्या रेघांच्या, जमीन टिंबांची, दार म्हणजे अधिकचे चिन्ह. खेळणारा स्वतः म्हणजे आज ईमेलच्या पत्त्यात असते ते ‘ॲट’चे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली २६ मोठी अक्षरे. सव्विसाव्या मजल्यावरचा येंडॉरचा ताईत उचलून जिवंत वर परतायचे, एवढीच कथा. वाटेत रंगीत औषधे आणि अगम्य मथळ्यांच्या पोथ्या सापडतात. परंतु कोणत्या रंगाचे औषध काय करते, हे दर डावाला नव्याने पिसले जाते, त्यामुळे कालच्या डावात ज्या जांभळ्या औषधाने जखमा भरल्या, तेच आज प्यायल्यावर डोळ्यांपुढे अंधार पसरू शकतो. म्हणजे एका डावातून दुसऱ्या डावात उत्तर नेता येत नाही. नेता येतो तो फक्त शहाणपणा, जसे की अनोळखी पोथी वाचायची ती जवळपास शत्रू नसताना, आणि भुकेचा इशारा येण्याआधीच शिधा शोधायला लागायचे.

मृत्यूबाबत ‘रोग’ कमालीचा कडक होता. खेळ मध्येच थांबवून त्याची स्थिती साठवण्याची, म्हणजे सेव्ह करण्याची, सोय त्यात होती, पण साठवलेला डाव पुन्हा उघडला की ती साठवण पुसली जाई. पुस्तकात खूण घालून उठावे एवढाच तिचा उपयोग होता, चुकीची पावले मागे घेण्यासाठी ती नव्हती. खेळणारा मेला की पडद्यावर अक्षरांनी रेखाटलेली कबरीची शिळा येई, तिच्यावर त्याचे नाव, गोळा केलेले सोने, कोणाच्या हातून मरण आले ते आणि साल लिहिलेले असे, आणि त्यानंतर नव्या भुयाराच्या पहिल्या मजल्यापासून सुरुवात करावी लागे. कायमच्या मरणाच्या या नियमाला पुढे ‘पर्माडेथ’ हे नाव पडले. साठवणीच्या फाइलची गुपचूप नक्कल करून ठेवणारे तेव्हाही होतेच, पण त्या वाटेने ताईत आणणाऱ्याची इतरांत फारशी पत राहत नसे. १९८१ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी ‘रोग-ओ-मॅटिक’ नावाचा, स्वतःच ‘रोग’ खेळणारा प्रोग्राम लिहिला; पाठ केलेल्या वाटेने जिंकता येत नाही अशा खेळात यंत्राची अक्कल किती चालते, हे पाहण्याचे ते साधन झाले. ‘पॅक-मॅन’साठी पॅटर्न पुरत होता, इथे निर्णय घ्यावे लागत होते.

‘रोग’चा वंश मोठा आहे आणि त्याची पूर्ण वंशावळ देण्याचे इथे कारण नाही. ‘हॅक’ आणि त्यातून १९८७ मध्ये निघालेला ‘नेटहॅक’, ओक्लाहोमा विद्यापीठातला ‘मोरिया’, जपानमध्ये १९९३ साली हजार वेळा खेळता येणारा खेळ अशी जाहिरात करून आलेला ‘तोरुनेको’, आणि २००८ चा डेरेक यू याचा ‘स्पेलंकी’ ही त्यातली ठळक नावे. ‘नेटहॅक’ची एक आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये निघाल्यावर पुढची अधिकृत आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली, आणि मधली १२ वर्षे लोक तोच जुना खेळ बिनतक्रार खेळत राहिले, यावरून या जातीच्या खेळाचा दम कळतो.

घरातल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर प्रश्न वेगळ्या स्वरूपात आला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावरचे खेळ एका बैठकीत संपण्याइतके लहान राहिले नाहीत, परंतु ज्या प्लॅस्टिकच्या डबीत खेळ साठवलेला असे (हिला आपल्याकडे सर्रास ‘कॅसेट’ म्हणत), ती फक्त वाचता येत होती, तिच्यावर काही लिहिता येत नव्हते. मे १९८६ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने यावर काढलेला तोडगा आज विलक्षण वाटतो. डाव थांबवताना यंत्र २० जपानी अक्षरांचा एक निरर्थक मंत्र पडद्यावर दाखवी, खेळणाऱ्याने तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी अक्षर न अक्षर तसाच भरायचा, की पात्राची ताकद, पैसा आणि सामान परत मिळे. त्याचे नावच मुळी ‘पुन्हा जिवंत होण्याचा मंत्र’ असे होते. यंत्राला स्मरण नव्हते, म्हणून ते काम माणसाच्या वहीकडे आले. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत वाढला. सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांत गल्लत झाली की सगळी कमाई पाण्यात जाई.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानमध्ये लिहिता येणाऱ्या चकतीवर आला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत सोनेरी डबीत आला; या डबीच्या आत नाण्याएवढी बॅटरी होती, जी यंत्र बंद असतानाही स्मृतीच्या चिपला जागे ठेवत होती. पुनरावृत्तीच्या इतिहासात मात्र झेल्डाचे महत्त्व बॅटरीपेक्षा एका चुकीमुळे अधिक आहे. निन्टेन्डोच्या ताकाशी तेझुका यांनी भुयारे रचली तेव्हा उपलब्ध जागेपैकी निम्मीच वापरली गेल्याचे काम झाल्यावर लक्षात आले. खेळाचे कर्ते शिगेरू मियामोटो यांनी ती रचना तशीच ठेवली आणि उरलेल्या निम्म्या जागेत दुसऱ्या फेरीची भुयारे बसवायचे ठरवले. त्यामुळे खेळ पुरा करणाऱ्याला त्याच भूमीवर, पण हलवलेल्या जागी आणि अधिक बिकट भुयारांसह ‘दुसरी मोहीम’ मिळाली, आणि नाव लिहायच्या जागी ‘झेल्डा’ हेच नाव लिहिले तर ती थेट सुरू होऊ लागली. ओळखीच्या गावात घरांचे दरवाजे रातोरात बदलले जावेत तसा हा अनुभव आहे, आणि ठरवून केलेल्या पुढच्या अनेक योजनांपेक्षा ही चूक अधिक कल्पक ठरली.

भारतात या बॅटरीच्या डब्या फार थोड्यांच्या वाट्याला आल्या. १९९० च्या दशकात मराठी घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे शिरली, ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असला तरी आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा घातलेले असत. त्यांत साठवणीची सोय नव्हतीच. म्हणून ‘मारिओ’ दर सुट्टीत पहिल्या स्टेजपासून सुरू होई, लाइफ संपल्या की परत पहिल्यापासून, आणि जेवायला हाक आली की ‘पॉज’ करून टीव्ही तेवढा बंद ठेवण्याची युक्ती चाले. ही पुनरावृत्ती आवडीची होती, पण तिच्यात निवडीला वाव नव्हता.

निवड आणि सक्ती यांचा सर्वांत चतुर मेळ ज्या खेळाने घातला, तो योगायोगाने मराठी वाचकांच्या एका पिढीच्या चांगल्या ओळखीचा आहे. जॉर्डन मेकनर याने १९८५ मध्ये आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावताना, उड्या मारताना आणि कठड्याला लोंबकळताना व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपले, त्या चित्रफितीतल्या एकेका क्षणाची आकृती गिरवून संगणकात उतरवली आणि चार वर्षे खपून ऑक्टोबर १९८९ मध्ये ॲपल-टू या घरगुती संगणकासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पुरा केला. छायाचित्रित हालचालीवरून चित्र गिरवण्याच्या या पद्धतीला रोटोस्कोपी म्हणतात. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या द्वंद्वाची चित्रे गिरवली. राजपुत्र पळता पळता थांबतो तेव्हा एक पाऊल घसरतो, उडीआधी अंग आखडून घेतो. हा जिवंतपणा सुंदर आहे, पण त्याची किंमत अशी, की बोटाने दिलेली आज्ञा आणि पायाची हालचाल यांच्यात किंचित अंतर पडते आणि प्रत्येक उडी आधी मनात मोजावी लागते.

या हालचालीच्या चित्रांनीच स्मृतीची बहुतेक जागा खाल्ली आणि शत्रू घालायला जागा उरली नाही. खेळ नीरस होतो आहे, लढाई हवी, असा तोमी पिअर्स या सहकारिणीचा आग्रह होता. शेवटी मेकनरने राजपुत्राचीच आकृती एका बिटने सरकवून मूळ आकृतीशी गणिती पद्धतीने मिसळली आणि जागा न वापरता लुकलुकणारी एक छाया निर्माण केली. चौथ्या पातळीवर राजपुत्र आरशावर झेप घेतो तेव्हा ही छाया त्याच्यातून फुटून बाहेर पडते. पुढे ती त्याच्या वाट्याचे औषध पिऊन जाते, त्याच्या तोंडावर दार लावते, आणि अखेरीस तलवार उपसून समोर उभी राहते. तिला मारलेला प्रत्येक घाव राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालून गेले तरच दोघे एक होतात. पुढे सैनिकांसाठीही जागा काढली गेली, पण अडचणीतून जन्मलेली ही छायाच खेळाचा आत्मा होऊन बसली.

पुन्हा पुन्हा खेळण्याच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट म्हणजे घड्याळ. राजकन्येला सोडवायला एकूण ६० मिनिटे. राजपुत्र मेला तर पातळी पहिल्यापासून सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. डॉसवर, म्हणजे त्या काळच्या पीसीच्या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या आवृत्तीत, तिसऱ्या पातळीपासून डाव साठवता येई, परंतु पातळीबरोबर उरलेली मिनिटेही साठवली जात. त्यामुळे आठव्या पातळीवर १२ मिनिटे शिल्लक असलेली साठवण ही कमाई नसून कर्ज असते, हे एकदा तरी हात पोळल्याशिवाय कळत नाही. मग खेळणारा आपणहून मागे जातो, पहिल्या पातळीवर तलवार शोधायला लागलेली सहा मिनिटे तिनावर आणतो, सुळ्यांच्या खड्ड्यावरून थांबून चालण्याऐवजी धावत उडी घेतो, कोणता रक्षक टाळता येतो ते ठरवतो. कथा एकच, भुयार एकच, उत्तरे सगळी ठरलेली, आणि तरीही प्रत्येक फेरी हा नवा डाव होतो. कोड्याला डावाचे रूप देण्यासाठी ‘रोग’ने भुयार बदलले, मेकनरने भुयार तसेच ठेवून वेळ मोजला. दोन्हींपैकी दुसरी युक्ती अधिक काटकसरीची आहे.

ॲपल-टूचे दिवस तेव्हा भरत आले होते, त्यामुळे अमेरिकेत खेळ सुरुवातीला फारसा खपला नाही. १९९० पासून डॉस, जपानी संगणक आणि इतर यंत्रांवर तो गेला तेव्हा त्याचे नाव झाले. महाराष्ट्रात तो पोचला तो संगणकवर्ग, महाविद्यालये आणि कचेऱ्यांतल्या पीसींवर, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत. नक्कल रोखण्यासाठी डॉस आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर औषधाच्या कुप्यांची एक खोली घातलेली होती, आणि छापील पुस्तिकेतल्या सांगितलेल्या पानावरच्या, ओळीतल्या शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीजवळ असेल तीच प्यायची, नाहीतर मरण, असा तिथला नियम होता. फ्लॉपीबरोबर पुस्तिका येत नसल्यामुळे हा अडसर आधीच काढून टाकलेल्या नकला हातोहात फिरत. त्याबरोबरच फिरे एक परवलीचा शब्द: खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ टाइप केले की पातळ्या ओलांडण्याच्या, जीव वाढवण्याच्या आणि वरून अलगद उतरण्याच्या चोरकळा हाती येत. या कळांनी शेवट पाहिलेली बरीच मुले नंतर खरा डाव मांडायला परत आली असणार. शेवट कळल्याने हा खेळ संपत नाही, कारण त्याचे उत्तर बोटांत असते.

कचेऱ्यांतल्या पुनरावृत्तीचा मान मात्र पत्त्यांकडे जातो. १९९० च्या विंडोज ३.० सोबत आलेला ‘सॉलिटेअर’ आणि पुढे विंडोज ९५ सोबत घरोघरी गेलेला ‘फ्रीसेल’ यांत यंत्र पत्ते पिसून देते, म्हणून तिथे डावाची परंपरा अखंड राहिली. फ्रीसेलमध्ये प्रत्येक वाटपाला १ ते ३२,००० पैकी एक क्रमांक होता, त्यामुळे हरलेले तेच वाटप पुन्हा मागवता येई आणि दुसऱ्याला आव्हान म्हणून देता येई. १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी ही सगळी वाटपे आपापसांत वाटून घेऊन सोडवली. फक्त ११,९८२ क्रमांकाचे वाटप कोणालाच सुटले नाही, आणि ते सुटण्यासारखे नाही असा निर्वाळा पुढे संगणकानेही दिला.

डिसेंबर १९९३ च्या ‘डूम’ने पुनरावृत्तीला साक्षीदार मिळवून दिले. हा खेळ सेकंदाला ३५ टप्पे टाकत चालतो, आणि डाव नोंदवताना तो चित्रे साठवत नाही, फक्त प्रत्येक टप्प्याला कोणती कळ दाबली तेवढे टिपून ठेवतो. त्यातली नशिबाची गणितेदेखील २५६ आकड्यांच्या एका ठरीव तक्त्यातून क्रमाने घेतलेली असल्यामुळे त्याच कळा पुन्हा दिल्या की तोच डाव तंतोतंत घडतो. अशी नोंद अगदी लहान असते आणि तेव्हाच्या मंद टेलिफोन जोडणीवरूनही सहज पाठवता येई. एकट्याने, बंद खोलीत खेळलेला डाव यामुळे दुसऱ्याला पाहता आणि तपासता येऊ लागला, कोणती पातळी किती सेकंदांत पार झाली याच्या याद्या १९९४-९५ पासून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि त्यातून ‘स्पीडरन’ म्हणजे कमीत कमी वेळात खेळ पुरा करण्याची रीत फोफावली. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या अशा खेळाडूंनी एकत्र जमून, जुने खेळ वेगाने खेळत, प्रेक्षकांकडून धर्मादाय निधी गोळा केला, आणि तो उपक्रम नंतर दरवर्षी होऊ लागला.

जपानी कथाप्रधान खेळांनी दुसरी वाट धरली. मार्च १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये खेळ संपल्यावर कमावलेले बळ आणि शस्त्रे घेऊनच पहिल्यापासून सुरुवात करता येते, आणि अंतिम शत्रूला कोणत्या टप्प्यावर गाठले यावर दहाहून अधिक वेगवेगळे शेवट अवलंबून राहतात. ‘न्यू गेम प्लस’ हे त्याचे नाव पुढे साऱ्या उद्योगाने उचलले. बक्षीस देऊन परत बोलावण्याची ही पद्धत सोयीची आहे खरी, पण तिच्यात पाहुण्याला वाढून ठेवलेले ताट संपले की बोलावणेही संपते.

या सर्व खेळांकडे परतायचे तर ते चालू स्थितीत मिळाले पाहिजेत, आणि तिथे चित्र निराशाजनक आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. जी वाट उरते ती हौशी लोकांनी बांधलेली: १९९७ चा ‘मेम’ आर्केड यंत्राचे आणि २००२ चा ‘डॉसबॉक्स’ जुन्या पीसीचे सोंग आजच्या संगणकाकडून वठवून घेतात, आणि इंटरनेट आर्काइव्हने जानेवारी २०१५ मध्ये डॉसवरचे सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. मेकनरने ॲपल-टूवर लिहिलेला मूळ प्रोग्राम हरवल्यात जमा होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक खोके सापडले, त्यात त्या फ्लॉपी होत्या, जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेकनरने तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला.

झेल्डाच्या सोनेरी डब्या अजून जुन्या बाजारात फिरतात. आतली बॅटरी बरीच वर्षे टिकते, पण कायमची नव्हे, आणि ती बदलायची तर डबी उघडून झाळकाम करावे लागते. जुनी बॅटरी निघाली की चिपमधली साठवण सहसा पुसली जाते. डबी विकत घेणारा ती प्रथम यंत्रात घालतो तेव्हा तीन नावांच्या जागेत कधी कधी कोणा अनोळखी मुलाचे नाव असते, त्याच्यापुढे मिळवलेली हृदये आणि किती वेळा मेला तो आकडा, आणि डाव कुठेतरी मध्येच थांबलेला.